दगडाला नंबर प्लेट नसते

जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास, अक्कलकोट रस्त्यावरून आतल्या गावांकडे फुटणाऱ्या एकपदरी डांबरी रस्त्यावर, माझ्या दुचाकीचे पुढचे चाक एका दगडावर आदळले. उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली. नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले. वेळ बऱ्यापैकी नक्की सांगता येते. रुग्णवाहिकेसाठीचा पहिला फोन सहा एक्केचाळीसला गेला, आणि त्याआधी पाच-सहा मिनिटे मी रस्त्यावर पडून होतो.

वेग चाळीसच्या आत होता. डोक्यावर हेल्मेट होते आणि त्याचा पट्टा लावलेला होता. गाडीचा दिवा चालू होता. दारू मी घेत नाही. हे सगळे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे कित्येक महिने लोकांनी मला एवढेच विचारले.

दगड

दगड काळा, साधारण पाण्याच्या कळशीएवढा. तो तिथे कसा आला हे मला माहीत होते.

मी सोलापूरहून सासुरवाडीला निघालो होतो. दुपारी साडेतीनला त्याच ठिकाणाहून गेलो तेव्हा उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर रस्त्यात उभा होता. मागच्या ट्रॉलीचे चाक पंक्चर. चालकाने जॅक लावला होता. ट्रॉली घसरू नये म्हणून चाकांखाली दगड होते. मागून येणाऱ्यांना दिसावे म्हणून वीस पावलांवर आणखी दोन दगड आणि बाभळीची एक फांदी आडवी टाकलेली होती. मी गाडी हळू करून बाजूने काढली. माणूस काळजीचा दिसतो, असे मनात आल्याचे स्पष्ट आठवते.

परत निघताना सासूबाई दारात येऊन नेहमीप्रमाणे कानडीत म्हणाल्या, "निधान होगरी." हळू जा. मी हळूच निघालो. वाटेत ट्रॅक्टर दिसला नाही. ट्रॅक्टर नाही म्हणजे रस्ता मोकळा, असे मी गृहीत धरले. चूक म्हणायची तर एवढीच.

ट्रॅक्टर पाच वाजताच गेला होता. दगड तिथेच होते. आमच्या भागात हे असेच चालते. गाडी बंद पडली की दगड लावायचे, हे प्रत्येक चालकाला कळते. गाडी सुरू झाली की ते उचलायचे, हे कुणी कुणाला शिकवलेले नाही. उसाच्या हंगामात या रस्त्यांनी जाणारा कुणीही असे दगड दाखवू शकेल. बाजूला डांबरावर ग्रीसचा काळा डाग, उसाचे पाचट आणि सुकलेली फांदी असते.

रस्त्यावर

पहिला माणूस दुचाकीवरून आला, थांबला आणि मोबाइल काढून चित्रीकरण करू लागला. दुसऱ्याने पाण्याची बाटली तोंडाला लावायचा प्रयत्न केला. तिसरा माझे हेल्मेट ओढू लागला. तेवढ्यात शेतातून वैरणीचा भारा घेऊन येणारी साठीच्या आसपासची एक बाई भारा टाकून धावली.

"वडू नगा! मान हाय त्येची का भोपळा हाय? आन पानी कशाला पाजताय, आपरेशन करायचं आसंल तर?"

"मावशी, तुमी काय डाक्टर हाय व्हय?" हेल्मेट ओढणारा म्हणाला.

"माझा ल्योक आसाच गेला, उचलाउचलीत. तू फोन लाव. आन तू रं, शूटिंगवाल्या, त्यो मोबाइल ठिव आन तितं मागं जाऊन हुबा ऱ्हा, दुसरी गाडी येऊन पडायची न्हायतर."

चित्रीकरण करणारा निमूटपणे मागे जाऊन उभा राहिला. ती बाई रुग्णवाहिका येईपर्यंत माझे डोके दोन्ही हातांनी धरून बसली होती. पाय जसा पडला होता तसाच तिने राहू दिला. डॉक्टर नंतर म्हणाले की पायाचा रक्तपुरवठा शाबूत राहिला, त्यात या न हलवण्याचा वाटा होता. तिचे नाव विचारायचे राहिले. पुढे मेहुण्याने गावात चौकशी केली, पण ती नेमकी कोण हे कळले नाही.

प्रश्न

त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. पायाच्या आत पट्टी न घालता बाहेरून, कातडीतून हाडात रुतवलेल्या लोखंडी सळ्या बसवल्या. जखम उघडी होती आणि तिच्यात माती गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून माणसे भेटायला येऊ लागली. प्रश्न ठरलेले होते. हेल्मेट होतं का? स्पीड किती होता? एवढ्या संध्याकाळी कशाला निघालात? तिन्ही प्रश्न खाटेवर पडलेल्या माणसासाठी. दगड कुणी सोडला, हे नऊ दिवसांत भेटायला आलेल्यांपैकी एकानेही विचारले नाही. हेल्मेट डाव्या बाजूने खरवडून निघाले होते. ते मी मुद्दाम खाटेशेजारच्या टेबलावर ठेवले. त्याच्याकडे पाहूनही एका नातेवाइकाने विचारले, "हेल्मेट घातलं होतं ना पण?"

शेजारच्या खाटेवर नरसय्या होते. यंत्रमागावर चाळीस वर्षे काढलेले, घरात तेलुगू बोलणारे, सत्तरीचे गृहस्थ. शहरातल्या सात रस्ता चौकात पायी रस्ता ओलांडताना उलट बाजूने आलेल्या मोटारसायकलने त्यांना उडवले होते. खुब्याचे हाड मोडले होते. त्यांनाही भेटायला येणारे विचारत, "काका, बघून नाही का जायचं?"

"मी बघितलं की," ते मला म्हणाले. "डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. त्यो उलटा आला. आता वरनं पण बघायचं का? आन मी पांढऱ्या पट्ट्यावरच होतो सर. त्याला वाटलं असंल, कुणीतरी रांगोळी काढलीय."

हसताना त्यांचा खुबा दुखत असे. तरी ते हसत.

जबाब

तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. खुर्ची ओढून बसले, पायाकडे एकदा पाहिले आणि लिहायला घेतले.

"दगड कुणी टाकला? नाव?"

"माहीत नाही. उसाची ट्रॉली पंक्चर झाली होती. दुपारी मी स्वतः पाहिली."

"ट्रॅक्टरचा नंबर?"

"नाही पाहिला."

"कारखाना कुठला?"

"माहीत नाही."

त्यांनी पेन थांबवले. "मग सर, गुन्हा दगडावर दाखल करू का? दगडाला नंबर प्लेट नसते." उपहास करत होते असे नाही. त्यांना खरोखरच अडचण होती. "आपल्याकडं अशी केस 'ताबा सुटल्यानं' मध्ये बसते. तुम्ही पेपरवाले, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?"

मी म्हणालो, ताबा सुटला नव्हता. दगडावर आदळेपर्यंत गाडी पूर्ण माझ्या ताब्यात होती. बरीच घासाघीस झाल्यावर त्यांनी 'रस्त्यावर पडलेल्या दगडास धडकून' असे लिहिले आणि माझी सही घेतली.

चार ओळी

हवालदारांचे 'पेपरवाले' हे वाक्य बरोबर होते. मी एका दैनिकात वीस वर्षे उपसंपादक आहे. जिल्ह्यातल्या अपघातांच्या बातम्या माझ्या टेबलावरून जातात. चौथ्या दिवशी आमच्या डेस्कवरची आरती अंक घेऊन आली. आतल्या पानावर बातमी होती: "दुचाकीवरील ताबा सुटल्याने झालेल्या अपघातात एक जण जखमी झाला. मंगळवारी सायंकाळी अक्कलकोट रस्त्यालगत ही घटना घडली. जखमीस सोलापुरातील खाजगी रुग्णालयात दाखल करण्यात आले आहे. अधिक तपास पोलीस करीत आहेत."

"नाव टाकलं नाही सर, तुम्हाला आवडणार नाही म्हणून," आरती म्हणाली.

"ताबा सुटला, हे कुणी सांगितलं?"

ती गोंधळली. "कुणी नाही. नमुन्यात आहे ना. तुम्ही करून लावलाय तो, कॉम्प्युटरच्या वर."

नमुना खरोखरच माझा होता. नव्या मुलांची भाषा सुधारावी म्हणून मी तो तयार केला होता. अपघाताची बातमी चार ओळींत कशी लिहावी: काय झाले, कुठे, किती जखमी, पुढे काय. त्यात 'ताबा सुटल्याने' हे शब्द मी स्वतः घातले होते, कारण सहसा तसेच असते असा माझा समज होता. सहसा कसे असते, हे पाहायला मी एकदाही घटनास्थळी गेलो नव्हतो. मेलेल्या माणसांच्या बाबतीतही मी हेच छापले. त्यांच्यापैकी कितीजणांसमोर दगड, खड्डा, बिनदिव्याची ट्रॉली किंवा उलट्या बाजूने येणारा माणूस होता, हे आता कळणे शक्य नाही. तेव्हा विचारले असते तर कळले असते.

मी आरतीला नमुना काढून टाकायला सांगितले.

"मग काय लावू?"

"एकच ओळ. रस्त्यावर काय होतं ते विचारा."

नववा दिवस

नवव्या दिवशी सकाळी ताप चढला. पट्टी सोडली तेव्हा खोलीत जो वास पसरला, त्याचे वर्णन करत नाही. ज्यांच्या घरात अशी जखम झाली आहे त्यांना तो माहीत आहे. डॉक्टरांनी महादेवीला, माझ्या पत्नीला, बाहेर बोलावले. मी म्हणालो, जे सांगायचे ते इथेच सांगा.

त्यांनी सांगितले. संसर्ग हाडापर्यंत गेला होता. जखम पुन्हा उघडून खराब भाग काढावा लागणार होता, एकदा नव्हे, दोन-तीनदा. तेवढ्याने आटोक्यात आले नाही तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल.

"कधी कळेल?" महादेवीने विचारले.

"दहा-बारा दिवसांत."

डॉक्टर गेल्यावर नरसय्यांनी भिंतीकडे तोंड केले. आम्हाला एकटे सोडण्याचा त्यांच्याकडे तेवढाच मार्ग होता.

त्या दिवसांचा क्रम असा होता. पहाटे सलाईन. साडेसातला चहा. दहाला पट्टी. पट्टीच्या आधी अर्धा तास इंजेक्शन, आणि तो अर्धा तास घड्याळाकडे पाहण्यात जाई. अकराला पायाच्या बोटांची तपासणी: रंग कसा, गरम आहे का, हलते का. अंगठा हलवून दाखवताना परीक्षा दिल्यासारखे वाटे. एक परिचारिका पट्टी सोडण्याआधी हात गरम पाण्यात धरून यायची. तिला कुणी तसे सांगितले नव्हते. गार हाताने रुग्ण दचकतो, एवढे तिच्या लक्षात आले होते.

भीती पायाची होती आणि मरणाचीही. पण सर्वांत जास्त संताप होता. अपघात म्हणजे जे टाळता येत नाही ते. हा दगड उचलायला एका माणसाला अर्धे मिनिट लागले असते.

शिवानंद

माझा मेहुणा शिवानंद अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या जागी जाऊन आला होता. फोटो काढून आणले: चार दगड, फांदी, ग्रीस, माझ्या गाडीची फुटलेली काच. ट्रॅक्टर पाचला गेल्याचे गावातून विचारून आला. रोज डबा आणणे, रक्ताची सोय, औषधांची धावपळ, सगळे तोच करत होता.

नवव्या दिवशीच, डॉक्टरांचे बोलणे कळल्यावर, तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "दाजी, एक सांगायचं राहिलंय."

"बोल."

"त्या दिवशी साडेपाचला मी तिथनंच आलो. शेतातनं. दगड बघितले मी. बाजूनं गाडी काढली आन घरी आलो. तुमी घरात बसला होता, चा पीत होता."

महादेवी डबा उघडत होती. तिने डबा तसाच बंद केला.

"आन सांगितलं नाहीस?"

"अक्का, लक्षातच आलं न्हाय. रोजच असतात की दगड."

"तुला उतरायला काय झालं होतं? गुडघे दुखत होते? तुझे तर दोन्ही पाय आहेत!"

दुपारी साडेतीनला मीही बाजूने गाडी काढली होती, आणि अशी गाडी मी आयुष्यभर काढत आलो आहे. हे मी महादेवीला सांगितले. ती म्हणाली, "तुमचं वेगळं. तुम्ही भोगताय."

त्या दिवसापासून ती भावाशी बोलेनाशी झाली. तो येत राहिला, डबा आणत राहिला. ती त्याच्यासमोर मला म्हणे, "त्याला सांगा, उद्या भाकरी दोनच आण." मी सांगत असे. शिवानंद चार फुटांवर उभा असे.

पाय

जखम तीनदा साफ केली. तिसऱ्या वेळेनंतर ताप उतरला. बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "राहतोय." महादेवी खुर्चीत बसली आणि तिने माझ्या पायाऐवजी डॉक्टरांच्या बुटांकडे पाहत रडून घेतले. नरसय्या तोपर्यंत वॉकर घेऊन चालू लागले होते. ते दारातून म्हणाले, "अभिनंदन सर. आता पट्ट्यावरून जाऊ नका. तिथं लई धोका हाय."

मांडीची कातडी काढून जखमेवर लावली. चौतिसाव्या दिवशी घरी सोडले. सळ्या पाच महिने होत्या. त्यांच्या भोकांची सफाई महादेवी करत असे. या काळात मी चिडखोर झालो होतो आणि तिने ते सहन केले, असे लिहिणे सोयीचे आहे. खरे असे की तीही चिडे, आणि दोन-तीनदा कापूस टाकून खोलीबाहेर गेली. दहा मिनिटांनी परत आली. ज्यांच्या घरी असे दुखणे चालू आहे त्यांनी या दहा मिनिटांचा अपराध मानू नये.

सळ्या निघाल्या, हाड जुळले. गुडघा पूर्ण वाकत नाही आणि वाकणार नाही. खाली बसता येत नाही. जमिनीवरची वस्तू उचलता येत नाही. काठी लागते.

पोलिसांत तपासाचे काय झाले म्हणून मी दोनदा फोन केला. ट्रॅक्टर मिळून आलेला नाही, असे उत्तर मिळाले. रस्ता ज्यांच्या देखभालीखाली आहे त्या कार्यालयाला फोटोंसह पत्र दिले. हंगामात रस्त्यावर राहिलेले दगड उचलण्याची जबाबदारी कुणाची, एवढेच त्यात विचारले होते. उत्तर आले नाही. स्मरणपत्र दिले. त्याचेही आले नाही.

नोव्हेंबर

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही सासुरवाडीला निघालो. शिवानंद त्याची मोटार घेऊन न्यायला आला. मी पुढे बसलो, महादेवी मागे. "त्याला सांगा, काच वर कर," ती म्हणाली. मी सांगितले.

त्याच रस्त्यावर, जानेवारीतल्या जागेच्या सुमारे एक किलोमीटर अलीकडे, उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा होता. चाक बदलून झाले होते. चालक एकटाच होता, चाळिशीचा. जॅक आत टाकून तो वर चढला. ट्रॉल्या हातभर पुढे सरकल्या. चाकांमागचे तीन दगड रस्त्यावर राहिले.

मी शिवानंदला मोटार ट्रॅक्टरच्या पुढे नेऊन थांबवायला सांगितले. काठी घेऊन उतरलो आणि ट्रॅक्टरसमोर उभा राहिलो.

"काय ओ मामा? मधीच का हुबा?"

"दगड राहिले."

"कुटले दगड?"

"तुम्ही लावलेले."

त्याने मागे वळून पाहिले. "आसू द्या की. येनारा-जानारा करतोय बाजूला. मला नंबर लावायचाय कारखान्यावर, सरका."

"येणारा-जाणारा मीच होतो," मी म्हणालो, आणि उजव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली.

तो वरूनच बघत राहिला. मग इंजिन बंद केले आणि उतरला.

"ह्ये दगडानं?"

"व्हय. ह्याच रस्त्याला."

"मी न्हवतो आं मामा. मी अकलूजकडं हुतो औंदाच्या जानेवारीत."

"तुम्ही होता असं म्हणालो नाही. उचला."

त्याने पहिला दगड उचलला, मग दुसरा. तिसरा मोठा होता. लावताना तो त्याने ढकलत आणला असावा, आता एकट्याला उचलेना. मी काठीवर उभा होतो. शिवानंद मोटारीतून उतरून आला आणि त्याने दुसरी बाजू धरली. दोघांनी दगड डांबराच्या कडेपर्यंत नेला आणि तिथे ठेवू लागले.

महादेवी मोटारीच्या दाराशी उभी होती.

"शिवा, कडेला नको," ती म्हणाली. "खाली चारीत टाक."

शिवानंदने तिच्याकडे पाहिले. दोघांनी दगड चारीत टाकला. आधीचे दोन दगड कडेलाच होते, तेही शिवानंदने पायाने खाली ढकलले.

ट्रॅक्टर चार वाजून वीस मिनिटांनी निघाला. त्याच्या मागे रस्त्यावर काहीही नव्हते.